आधी विहीर मोजा, मग नळाला कुलूप लावा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या ले-आउटची रहिवासी संस्था, नागपूर

सप्रेम नमस्कार.

2 एप्रिलला सकाळी सव्वासहा वाजता मी नेहमीसारखी बादली घेऊन विहिरीवर गेले, तर टाकीच्या नळाला साखळी आणि साखळीला कुलूप. बाजूच्या कडुनिंबाला प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद खिळ्यानं ठोकलेला. त्यावर तीन वाक्यं होती. पाणीटंचाईमुळे 30 जूनपर्यंत भाजीपाल्याला विहिरीचं पाणी घेण्यास सक्त मनाई. पावसाळ्यापूर्वी सदर जागेवर गट्टू (सिमेंटचे फरसबंदीचे ठोकळे) बसवून लॉन विकसित करण्यात येईल. बाहेरच्या व्यक्तींनी आपले वाफे तात्काळ रिकामे करावेत. खाली सचिवांची सही आणि शिक्का.

त्या दिवसापासून मी आपल्यापैकी दोघांना दोनदा भेटले. दोन्हीदा "बघू काकू, मीटिंगमध्ये घेऊ" असं उत्तर मिळालं. मीटिंग कधी, हे काही कळलं नाही. एप्रिलमधली भेंडी मीटिंगसाठी थांबत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. यात कोणाचं नाव घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. आपण सगळे एकाच गल्लीतून येतो-जातो, दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाचं ताट जातं. ते तसंच राहावं.

नवीन राहायला आलेल्या घरांसाठी थोडं मागचं सांगते. आपल्या ले-आउटच्या खुल्या जागेचा विहिरीकडचा तुकडा 2018 पर्यंत मलबा टाकायची जागा होती. बाभळी, फुटक्या फरशा, बाटल्या, आणि पावसाळ्यात डुकरं. त्या वर्षीच्या कार्यकारिणीनंच आम्हाला सांगितलं की साफ करत असाल तर भाजी लावा. सहा ट्रॉल्या मलबा आम्ही वर्गणी काढून उचलला, काळी माती आणली, गवळ्याकडून शेणखत आणलं. दहा फूट लांब, चार फूट रुंद असे चौदा वाफे पाडले. माझा चार नंबरचा. गुडघ्याचं दुखणं तेव्हापासून आहे, आणि भाजीवाल्याशी अबोलाही.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाच्या गावातलं. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वर्षी दिवाळीला गावी गेले होते. घराघरांत तोच विषय होता. परत आल्यावर बाजारातल्या चकचकीत वांग्याकडे बघायची माझी नजर बदलली. दुसऱ्या वर्षी मलब्यावर पहिली कुदळ मारायला मी पुढे झाले त्याचं कारण ते होतं. हौस नंतर आली.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण आपल्या सूचनेत उन्हाळा म्हणजे 'तीन महिने बंद ठेवता येईल' असा काळ धरलेला दिसतो. नागपुरात उन्हाळी भाजी थंडीतच सुरू होते. संक्रांत झाली की आम्ही वाफे उकरून तापू देतो. जानेवारीच्या शेवटी बी रात्रभर भिजवून भेंडी टोकायची, फेब्रुवारीत गवार, बरबटी, काकडी, ढेमसं, दोडका, लवकी. पुण्याकडून आलेल्या दोन घरांसाठी सांगते, लवकी म्हणजे तुमचा दुधी, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा आणि ढेमसं म्हणजे ढेमसंच, त्याला तुमच्याकडे नाव नसेल तर ते तुमचं नुकसान. भेंडी पन्नास-साठ दिवसांत तोडणीला येते. म्हणजे मार्चच्या शेवटी. म्हणजे आपलं कुलूप लागलं त्याच आठवड्यात. दोन महिने नुसतं पाणी घालून झाडं वाढवायची आणि पहिली तोडणी आली की पाणी बंद, यापेक्षा जानेवारीतच नाही म्हणाला असतात तर बी तरी वाचलं असतं.

एप्रिलच्या मध्यापासून पारा बेचाळीसच्या वर जातो. 23 मे 2013 ला या शहरानं 47.9 अंश पाहिलेत, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. अशा उन्हात टोमॅटो फूल धरत नाही, पस्तिशीच्या वर गेलं की फुलं गळतात, म्हणून आम्ही एप्रिलनंतर टोमॅटोच्या नादी लागत नाही. पालक कडू होऊन तुऱ्यावर येतो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर उगवायलाच कुरकुर करतो. धने चपलेनं दोन फाका करून, कुटाराखाली (भुशाखाली), हिरव्या जाळीच्या सावलीत पेरले तर कुठे चार काड्या हाती लागतात. पण गवार उन्हाला दाद देत नाही. ढेमशाला ऊन मानवतं. बरबटी तर घरी वाटूनही उरते. अंबाडी आणि चिवळ यांना फार विचारावं लागत नाही. म्हणजे उन्हाळ्यात काय लावायचं हे कळलं आणि मुळाशी ओल राहिली, तर भर नवतपातही, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, वाफा हिरवा राहतो. सात उन्हाळे आम्ही तो ठेवला आहे.

ओल कशी राहते तेही ऐका, कारण पाण्याचा मुद्दा तिथेच आहे. आम्ही पाट सोडत नाही. प्रत्येक वाफ्यावर चार बोटं जाडीचा तुरीच्या कुटाराचा थर असतो. वेलांच्या मध्ये साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं असतं. माती सुकली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. दोन-तीन दिवसांनी भरायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं ते पुढे येईलच. वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. पाणी सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, आणि बादलीनं, तांब्यानं, बुडाशी. पाईप वापरायला आम्हीच बंदी घातली आहे. ती का घातली हेही सांगते, लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रात्री पाईप चालू राहिला आणि सकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मोटर जळाली. आपल्यातल्या काहींचा राग तेव्हापासूनचा आहे, आणि तो रास्त आहे. तो पाईप माझा होता. मोटरीचे पैसे मी भरले, पण तेवढ्यानं ते पुसलं जात नाही हे मला कळतं.

तर आता पाणी. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे थोडं सहन करा.

एका वाफ्याला दिवसाला तीन बादल्या. बादली पंधरा लिटरची. चौदा वाफ्यांचे झाले 630 लिटर. आपल्या विहिरीचा व्यास 12 फूट. म्हणजे एक फूट उंचीचं पाणी 113 घनफूट, साधारण 3,200 लिटर. विहिरीला एकही झरा नाही, ती नुसती हौद आहे असं धरलं, तरी आमच्या भाजीमुळे ती पाच दिवसांत एक फूट उतरेल. ले-आउटमधली चार मुलं दर रविवारी सकाळी गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाण्याची पातळी वहीत लिहितात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाणी 22 फुटांवर होतं. विहीर 38 फूट खोल. म्हणजे 16 फूट पाणी. मृगापर्यंत, 8 जून धरा, 67 दिवस. झरे पूर्ण आटले तरी आम्ही सव्वातेरा फूट उपसू आणि तळाला पावणेतीन फूट उरेल. आणि झरे आटत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही पूर्ण पाणी घेतलं, तरी फेब्रुवारी ते जून या काळात पातळी सहा फुटांनी उतरली होती. वही आहे. कोणीही बघावी.

सूचना काढण्याआधी आपण विहीर मोजली होती का? मोजली असेल तर आकडा त्या कागदावर का नाही?

पुढचं लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. त्याच विहिरीच्या त्याच मोटरीवरून दुसरा एक पाईप फाटकाबाहेर जातो. त्यावर रोज सकाळी आठ-दहा गाड्या धुतल्या जातात. मी बादली लावून घड्याळ बघितलं. पंधरा लिटर भरायला पंचेचाळीस सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला वीस लिटर. एका गाडीला दहा मिनिटं पाईप चालू असतो, कारण पुसताना कोणी तो बंद करत नाही. दोनशे लिटर. आठ गाड्यांचे सोळाशे. आमच्या चौदा वाफ्यांच्या अडीचपट. त्या पाईपला कुलूप नाही. 2 एप्रिललाही नव्हतं, आज 12 एप्रिललाही नाही. गाड्या धुऊ नयेत असं मी म्हणत नाही. ओल्या फडक्यानं एका बादलीत गाडी स्वच्छ होते, आमच्या घरची होते. पण टंचाई असेल तर ती गाडीलाही असायला हवी.

आणि कूलर. नागपुरात कूलरविरुद्ध बोलणं म्हणजे संत्र्याविरुद्ध बोलण्यासारखं आहे, त्यामुळे फक्त आकडा सांगते. माझ्या घरचा कूलर मे महिन्यात दिवसाला सहा बादल्या पितो. आपली घरं बासष्ट. घरटी एकच कूलर धरला तरी 372 बादल्या. भाजीला बेचाळीस. टंचाईत आधी काय आठवावं हे ज्यानं-त्यानं ठरवावं, मला दोन्ही हवेत. पण पहिलं कुलूप भाजीलाच का लागलं, याचं उत्तर मिळावं.

दुसरी तक्रार फाटकाच्या वेळेची. मार्चपासून आपण संध्याकाळी साडेसहाला बागेचं फाटक बंद करता. सुरक्षिततेसाठी असेल, मान्य. पण दोडका आणि लवकी यांची फुलं संध्याकाळीच उमलतात. लवकीचं पांढरं फूल दिवेलागणीला उघडतं आणि सकाळी उन्हात मान टाकतं. त्यावर रात्रीचे पतंग येतात. आपल्याकडे चारही बाजूंनी मोठे दिवे लागल्यापासून पतंग दिव्यांवरच घिरट्या घालतात, वेलावर कमीच दिसतात. म्हणून आम्ही हातानं परागीकरण करतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, आणि मादी फुलाला, जिच्या देठाशी इवलीशी लवकी आधीच दिसत असते तिला, हळूच टेकवायचं. मुलांना यात इतकी मजा येते की सातवीतली एक मुलगी कोणत्या वेलावर किती फुलं लावली याची यादी ठेवते. फाटक बंद झाल्यापासून तिच्या यादीत रिकामी पानं आहेत आणि वेलावर बोटभर वाढून पिवळ्या पडलेल्या लवक्या. मागणी अगदी लहान आहे. एप्रिल ते जून, साडेसात वाजेपर्यंत.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. गेल्या मार्चमध्ये भिंतीच्या कडेचं गवत मारायला आपण माणूस बोलावला. हातात मोजे नव्हते, तोंडाला रुमाल नव्हता, वारं होतं. चार दिवसांत कडेच्या तीन वाफ्यांतली भेंडी पिळवटली. डब्यावर काय नाव होतं ते विचारलं तर 'गवत मारायचं औषध' एवढंच उत्तर मिळालं. ग्लायफोसेटसारखं तणनाशक कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या अधिकृत माणसांकडूनच मारून घ्यायचं, असं केंद्र सरकारनं 2022 मध्येच ठरवलेलं आहे. त्या डब्यात ते होतं की दुसरं काही, मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की आम्ही फळमाशीसाठीसुद्धा सापळे लावतो, औषध मारत नाही. भेंडीवर केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, आला तर झाड उपटून टाकतो, पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या पाट्या टांगतो. मिरचीवर पानं आकसवणारा चुरडामुरडा आला तर त्या वर्षी मिरची नाही. आमच्या वाफ्यांतली भाजी आठ महिन्यांचं बाळसुद्धा तोंडात घालतं. कडेचं गवत आम्ही विळ्यानं कापू, शनिवारी, फुकट. आजवर दोनदा कापून दिलंही आहे.

आता 'बाहेरच्या व्यक्ती'.

हे वाक्य मी सूचनेत तीनदा वाचलं. चौदा वाफ्यांपैकी नऊ नंबरचा वाफा आपल्या चार घरांत काम करणाऱ्या ताईंचा आणि चौदावा, विहिरीच्या सावलीतला, चौकीदार दादांच्या कुटुंबाचा. 'बाहेरचे' म्हणजे हेच दोघं, दुसरं कोणी नाही. चौकीदार दादा आठ वर्षं मोटरीच्या खोलीला लागून राहतात. त्यांची पत्नी बालाघाटकडची. मडकं पुरायची पद्धत तिनं शिकवली. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज पाट सोडून वाफ्याचा चिखल करत होते आणि माझी काकडी उन्हात माना टाकत होती. ती दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी घरातून एक जुनं मडकं आणलं, माझ्या वाफ्यात खड्डा केला, पुरलं, पाणी भरलं, वर फरशीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "बाई, इसको प्यास लगेगी तब ये खुद पिएगा." आज चौदाच्या चौदा वाफ्यांत मडकी आहेत. ढेमशाला पहिली दोन फुलं आली की शेंडा खुडायचा, तेही तिचंच. आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते तेव्हा ती पोती भरून पाला खड्ड्यात टाकते, ज्याचं पुढच्या वर्षीचं खत आम्ही सगळे घेतो. आधी तो पाला जाळला जायचा. धुराची तक्रार करणारी घरं अजून इथेच राहतात.

ताईंचं आणखी वेगळं. नऊ नंबरचा वाफा त्यांच्या घरच्या भाजीचा खर्च एप्रिल ते जून जवळजवळ पूर्ण भागवतो. बरबटी, चवळीचा पाला, अंबाडी, कोपऱ्यात सांडपाण्यावर चमकोऱ्याची (अळूची) पानं. त्यांनी कधी एक जुडी जास्त नेली नाही. उलट माझा गुडघा धरला तेव्हा माझ्या वाफ्याला पंधरा दिवस पाणी त्यांनी घातलं, मी सांगायच्या आत.

यांना वाफे रिकामे करायला सांगायचे असतील तर कागदावर 'बाहेरच्या व्यक्ती' असं लिहून नाही. त्यांच्यासमोर उभं राहून, नावानं, आमसभेत सांगावं लागेल. तिथे मी बाजूला उभी असेन. सकाळी सहाला फाटक उघडणारा माणूस बाहेरचा कसा, हे मला तिथेच समजावून सांगा.

गट्टूबद्दल. पूर्वी आपल्या गल्ल्या गट्टूच्या नव्हत्या, आता आहेत. मे महिन्यात दुपारी तीनला त्यावर अनवाणी उभं राहून बघा. रात्री दहालाही तो धग सोडत असतो. पावसाचंही सांगते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, माणसं गेली. आपण काठावर नाही, पण त्या रात्री आपल्या तिन्ही गल्ल्यांत घोटाभर पाणी होतं. बागेच्या तुकड्यात सकाळी फक्त चिखल होता, पाणी जिरलं होतं आणि विहीर भरली होती. तोच एक तुकडा आता आपण झाकणार. मग विहिरीत पाणी कुठून येणार, ज्याची टंचाई आपल्या सूचनेत लिहिली आहे?

लॉनचं गणितही सांगा. हिरवळीला कुटार घालता येत नाही, जाळी घालता येत नाही, मडकं पुरता येत नाही. तिला पाईपनं पाणी मारावं लागतं. एक तास मारलं की बाराशे लिटर. लॉन वाढदिवसाला आणि साक्षगंधाला (साखरपुड्याला) भाड्यानं देता येईल, संस्थेला उत्पन्न मिळेल, हा विचार मी ऐकला आहे. त्यात गैर काही नाही. पण ही जागा मंजूर ले-आउटच्या नकाशात खुली जागा म्हणून सोडलेली आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीतही मोठ्या भूखंडांना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे, ती काही उगाच नाही. तिच्यावर भाड्याचा कार्यक्रम करायचा असेल तर परवानगी कोणाची घेतली, अंदाजपत्रक कोणी मंजूर केलं, कंत्राटदार कसा निवडला, हे आम्हाला कागदावर बघायचं आहे. सभासद म्हणून तेवढा हक्क आहे, आणि वर्गणी मी वेळेवर भरते.

एक कबुली अजून. गेल्या जूनमध्ये लवकीच्या मांडवाखाली धामण निघाली आणि दोन मुलं घाबरून पळाली, हेही खरं. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, सर्पमित्र आला आणि घेऊन गेला. तरी भीती ती भीती. आम्ही तेव्हापासून मांडव जमिनीपासून तीन फूट वर बांधतो आणि खाली गवत वाढू देत नाही. अशा तक्रारी आमच्याकडे थेट आल्या तर आम्ही ऐकतो. झाडाला खिळा ठोकायची गरज नाही. कडुनिंबाला तर अजिबात नाही.

कुलूप लागून आज दहा दिवस झाले. या दहा दिवसांत आम्ही काय केलं ते आपण खिडकीतून बघितलंच असेल. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, घरोघरून बादल्या. निवृत्त पोस्टमास्तर काका वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरून कॅन उतरवतात. तेवढ्यानं भेंडी जगते आहे, पण निबर व्हायला लागली, फुलं गळतात. बारा नंबरचा काकडीचा वेल गेला. माझी गवार बरी आहे, ती काही मेली तरी रडणारी नाही.

मागण्या चारच आहेत, आणि कोणतीही एका दिवसात पूर्ण होण्यासारखी.

एक, नळाचं कुलूप काढा. भाजीला दिवसाला जास्तीत जास्त बेचाळीस बादल्या, त्याही बादलीनंच, हे आम्ही लिहून देतो. टाकीच्या नळावर पाण्याचं मीटर आम्ही आमच्या खर्चानं बसवू. गाड्यांच्या पाईपवरचं मीटर संस्थेनं बसवावं. विहिरीत दहा फुटांपेक्षा कमी पाणी उरलं तर वाफे अर्ध्यावर आणू आणि पाच फुटांवर आलं तर पूर्ण थांबू. ते कुलूप आम्ही स्वतः लावू.

दोन, गट्टू आणि लॉन यांचा निर्णय आमसभेशिवाय करू नका. आमसभेआधी नकाशा, परवानगी आणि अंदाजपत्रक सूचनाफलकावर लावा. आमसभेनं बहुमतानं बाग नको म्हटलं, तर शेवटची तोडणी झाल्यावर आम्ही वाफे मोकळे करू, मातीसकट. त्याआधी नाही.

तीन, नऊ आणि चौदा नंबरच्या वाफ्यांबद्दलचं वाक्य सूचनेतून काढा आणि काढलं असं दुसऱ्या सूचनेत लिहा. पहिली सूचना सगळ्यांनी वाचली आहे, दुसरीही वाचू द्या.

चार, फाटक संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडं ठेवा आणि बागेच्या भिंतीला तणनाशक नको.

अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. माझ्या माहेरी त्या दिवशी परसात वेलांच्या बिया टोकतात, म्हणजे मृग लागेपर्यंत वेल मांडवाला हात लावतो. चौकीदार दादांच्या पत्नीनं वेलांसाठी पावसाळ्यातलं बी काढून ठेवलं आहे, मडक्यात, राखेत. त्या दिवसाच्या आत नळ उघडला तर आम्ही ते टोकू.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुलं विहिरीत दोरी सोडतील. आपल्यापैकी कोणीही यावं, गाठ स्वतः मोजावी आणि आकडा वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावा. वही आणि पेन माझ्याकडे असेल. किल्ली तेवढी आपण आणा.

आपली,
वाफा क्रमांक चारची काकू
12 एप्रिल